तीनची दुप्पट कशासाठी?

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास ठाण्यात गोखले रोडवरच्या क्लासेसच्या जिन्यांखाली पालकांचा घोळका असतो. दुचाक्या फुटपाथला तिरक्या लावलेल्या, मागून रिक्षांचे हॉर्न, कोपऱ्यावरच्या गाडीवरून येणारा तळणाचा वास आणि वरून जिना दणाणत उतरणारी पोरं. अशाच एका घोळक्यात एका मुलाने स्कूटरवर बसलेल्या वडिलांपुढे वही उघडून धरली. १३६९ चं वर्गमूळ, भागाकार पद्धतीने. वडील ऐरोलीहून थेट आलेले असावेत, कंपनीचं ओळखपत्र अजून गळ्यात होतं. त्यांनी वही सीटवर ठेवली, उजवीकडून दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडल्या, वर आडव्या रेघा मारल्या. १३ मध्ये बसणारा मोठ्यात मोठा वर्ग ९, म्हणून वर ३. १३ वजा ९, उरले ४. पुढची जोडी खाली उतरवली, झाले ४६९. इथवर हात कुठे अडखळला नाही. मग डावीकडे, भाजकाच्या जागी पेन थबकलं. त्यांनी तिथे ३ लिहिला, त्याच्यापुढे ९ ठेवून पाहिला. ३९ गुणिले ९, ३५१, बाकी ११८. खोडलं. ३८ करून पाहिलं, तेही खोडलं. "अरे, यायचं मला हे," म्हणत शेवटी फोन काढला आणि ३७ असं उत्तर सांगितलं. मुलगा म्हणाला, "बाबा, उत्तर मागे छापलंय. पद्धत विचारतोय मी."

वीस-पंचवीस वर्षं ज्याला हात लावला नाही ते जाणारच, त्याचं विशेष नाही. मनात राहिली ती अडण्याची जागा. जोड्या पाडणं आठवलं, वर्ग वजा करणं आठवलं, आणि घोडं अडलं ते नेमकं ३ चे ६ करण्याच्या पायरीवर. शाळेत ही पायरी बहुतेकांच्या वाट्याला एका वाक्यात येते: "वरच्या अंकाची दुप्पट करून डावीकडे लिहा." ती का करायची, हे एखाद्या सरांनी एखाद्या तासाला फळ्यावर काढून दाखवलंही असेल, पण परीक्षेत त्याला गुण नव्हते. वजाबाकी करणं, पुढचे अंक उतरवणं या पायऱ्या साध्या भागाकारातही असतात, आणि तो आयुष्यभर कुठे ना कुठे करावा लागतो. त्याच्या आधाराने त्या तगल्या. दुप्पट करण्याला असा कोणाचाच आधार नव्हता.

खरं तर ती दुप्पट डोळ्यांना दिसते. १३६९ क्षेत्रफळाचा एक चौरस काढा. त्याच्या एका कोपऱ्यात ३० बाजूचा चौरस बसवा. ९०० गेले, उरले ४६९. हे ४६९ उजवीकडची एक उभी पट्टी आणि खालची एक आडवी पट्टी यांत पसरलेले आहेत. दोन्ही पट्ट्यांची लांबी ३०, रुंदी अजून माहीत नाही. शिवाय कोपऱ्यात त्याच रुंदीचा एक छोटा चौरस. पट्ट्या दोन आहेत, म्हणून ३० दुणे ६०. तीच ती दुप्पट. रुंदी ७ धरली तर ६० गुणिले ७ म्हणजे ४२०, कोपरा ४९, बेरीज ४६९. वहीत हेच ६ पुढे ७ ठेवून, ६७ गुणिले ७ असं लिहितात. जोड्या दोन-दोन अंकांच्याच का पाडायच्या, तेही इथेच कळतं: दशकाचा वर्ग शतकात जातो. २ चं वर्गमूळ १.४१४ पर्यंत काढायचं असलं तरी आकृती हीच, पट्ट्या तेवढ्या अरुंद होत जातात. आणि वर्गसमीकरण सोडवायची पूर्ण वर्ग पद्धत म्हणजे पुन्हा हाच चौरस. 'क्ष'चा वर्ग अधिक ६ क्ष असेल, तर ६ क्षच्या ३ रुंदीच्या दोन पट्ट्या करून दोन बाजूंना लावायच्या. कोपऱ्यात ३ गुणिले ३, म्हणजे ९ कमी पडतात, ते घालायचे. ही आकृती दोन-चारदा स्वतःच्या हाताने काढलेली असेल, तर पायरी विसरली तरी पुन्हा उभी करता येते. नुसतं वाक्य पाठ असेल तर ते गेल्यावर मागे काहीच उरत नाही.

त्याच माणसाला बे एके बे म्हणायला सांगा, धडाधडा म्हणेल. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावरची प्रतिज्ञा कुठूनही सुरू केली तरी पुढची ओळ तोंडात येते. मधूनच चौथं वाक्य मागितलं, तर मात्र पहिल्यापासून म्हणत यावं लागतं. लयीत पाठ केलेल्या गोष्टी माळेसारख्या येतात, एक मणी दुसऱ्याला ओढतो. कर्कटक हातात दिलं तर लंबदुभाजकाचे दोन कंस पेन्सिल आपसूक मारते, भले त्या रेषेवरचा प्रत्येक बिंदू दोन्ही टोकांपासून सारख्याच अंतरावर का असतो, ते सांगता आलं नाही तरी. सायकल, पोहणं यांसारखी सलग हालचालीची कौशल्यं वर्षानुवर्षं टिकतात. याउलट आधी हे, मग ते, मग ते अशी सुटी पायरीवार कृती फार लवकर सुटते. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब देण्याचं प्रशिक्षण घेतलेल्यांचं कौशल्यही तीन ते सहा महिन्यांत घसरू लागतं, म्हणून ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. भागाकार पद्धतीचं वर्गमूळ याच जातीचं.

ठाणेकरांपुरतं बोलायचं तर १६ एप्रिल १८५३ ही तारीख इथे कुणाला चुकत नाही. बोरीबंदर ते ठाणे ३४ किलोमीटर, १४ डबे, ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, सगळं तोंडपाठ. स्टेशनापासून फार लांब नसलेला ठाण्याचा किल्ला, म्हणजे आजचा मध्यवर्ती तुरुंग, मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून १७३७ साली घेतला आणि वसई १७३९ साली. चिमाजी अप्पांची ती मोहीम शाळेच्या इतिहासात येतेच. पण तुरुंगाच्या भिंतीला लागून रोज जाणाऱ्याला १७३७ विचारा, तोंडाकडे बघत राहील. दोन्ही तारखा एकाच वयात, एकाच तऱ्हेने शिकलेल्या. पहिली दर एप्रिलमध्ये पेपरात येते, पाहुण्यांना अभिमानाने सांगितली जाते, प्रश्नमंजूषेत विचारली जाते. दुसरीला बोलावणारं कोणी नाही. पानिपताचा १४ जानेवारी १७६१ घराघरात टिकला, त्याला कारण संक्रांत. तिळगूळ वाटताना कोणीतरी "संक्रांत कोसळली" म्हणतंच.

नुसतं समोर असून भागत नाही, हे मात्र लक्षात घ्यायला हवं.

पाकिटातली वीस रुपयांची नवी, हिरवट पिवळी नोट दिवसातून किती वेळा हातात येते. तिच्या मागे कसलं चित्र आहे? दहाच्या मागे? शंभरच्या? वीसवर वेरूळची लेणी आहेत, दहावर कोणार्कचं सूर्यमंदिर, शंभरवर पाटणची राणी की वाव. वेरूळला सहलीला जाऊन आलेली मराठी माणसंही इथे गडबडतात, कारण नोट ओळखायला रंग पुरतो, चित्र कधी आठवावंच लागत नाही. १९७९ साली निकरसन आणि अ‍ॅडम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना रोजच्या वापरातलं एक सेंटचं नाणं आठवून काढायला लावलं होतं. लिंकनचा चेहरा बहुतेकांना जमला; तो कोणत्या बाजूला बघतो, अक्षरं कुठे, साल कुठे, यात जवळजवळ सगळे चुकले. ओळखता येणं आणि आठवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शाळेतला अभ्यास बव्हंशी पहिल्या प्रकारचा असतो. धडा चार वेळा वाचला, पिवळ्या पेनाने ओळी रंगवल्या, गाईडमधलं उत्तर नजरेखालून घातलं. पाचव्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि "झालं माझं" म्हणून पुस्तक मिटलं जातं. विसरण्याची सुरुवात तिथेच होऊन गेलेली असते. 

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हेच मोजून दाखवलं. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी उतारा बाजूला ठेवून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र पालटलं: पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं, लिहून काढणाऱ्यांना ५६. दहावीच्या मुलाला परीक्षेच्या दाराशी वही चाळून फायदा होतो तो याचमुळे, आणि मे महिन्यात सगळं कोरं होतं तेही याचमुळे. त्या मुलाची चूक आहे असं म्हणायला जीभ रेटत नाही. त्याला पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेचे गुण मिळतात, आठवड्यानंतरच्या परीक्षेचे मिळत नाहीत, मग त्याने दुसरं काय करावं?

क्लासेसच्या जाहिरातींमध्ये हल्ली विसरण्याचा एक आलेख दिसतो. घसरगुंडीसारखी रेघ, आणि बाजूला "२४ तासांत ७० टक्के विसरता!" हा आलेख हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाचा, १८८५ सालचा. त्याने प्रयोग केले ते एकाच माणसावर, स्वतःवर. व्यंजन, स्वर, व्यंजन अशी बनवलेली निरर्थक अक्षरं, तेरा-तेराच्या याद्या. यादी बिनचूक म्हणता येईपर्यंत पाठ करायची, मग ठरावीक वेळाने तीच पुन्हा पाठ करायची, आणि दुसऱ्यांदा किती वेळ वाचला ते मोजायचं. वीस मिनिटांनी ५८ टक्के वेळ वाचला, एका दिवसाने ३४ टक्के, सहा दिवसांनी २५, एकतीस दिवसांनी २१. म्हणजे ३४ टक्के आठवत होतं असं त्याने म्हटलेलंच नाही. पहिल्यांदा १००० सेकंद लागले असतील, तर दुसऱ्या दिवशी ६६० लागले, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय ती अक्षरं निरर्थक होती. अर्थ असलेली गोष्ट इतक्या वेगाने जात नाही. जाहिरात करणाऱ्यांना एवढं खोलात जायचं नसतं. पण पालकाने जावं, कारण या आकड्यांत दिलासा दडलाय. पहिल्या दिवशी जी पडझड होते ती होते. त्यानंतरच्या पूर्ण महिन्यात रेघ आणखी फक्त तेरा टक्क्यांनी उतरली. आणि एक अक्षर तोंडात येत नसतानाही दुसऱ्यांदा शिकायला कमी वेळ लागू शकतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट आणि एलिझाबेथ ब्यॉर्क यांनी पुढे याचे दोन भाग केले: किती साठलं आहे हा एक, आणि या क्षणी किती हाताशी येतं हा दुसरा. सामान माळ्यावर आहे, शिडी सापडत नाही, असा तो प्रकार.

वर्षानुवर्षांच्या विसरण्यावर सगळ्यात नेटकं काम केलं ते मानसशास्त्रज्ञ हॅरी बाहरिक यांनी. शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकून पुढे ती जवळपास न वापरलेल्या सातशेहून अधिक लोकांना त्यांनी तपासलं. कुणाचं शिक्षण नुकतंच संपलेलं, कुणाचं पन्नास वर्षांपूर्वी. १९८४ साली आलेला निष्कर्ष असा, की पहिल्या तीन ते सहा वर्षांत भाषा झपाट्याने ओसरते, मग पुढची पंचवीसेक वर्षं जेवढी उरली तेवढी जवळजवळ तशीच राहते. किती उरते, ते मुळात किती वरच्या पातळीपर्यंत शिकलात त्यावर ठरतं. १९९१ साली त्यांनी लिंडा हॉल यांच्याबरोबर शाळेतल्या बीजगणितावर हेच केलं, आणि तो निकाल आणखी चक्रावणारा होता. कॉलेजात कलनशास्त्र (कॅल्क्युलस) किंवा त्याच्या वरचं गणित घेतलेल्यांचं शाळेतलं बीजगणित पन्नास वर्षांनंतरही जवळपास शाबूत होतं. ज्यांनी शाळेनंतर गणित सोडलं त्यांचं, शाळेत उत्तम गुण असूनही, कधी न शिकलेल्याच्या आसपास येऊन पोचलं होतं. हुशारीचा इथे फारसा प्रश्न नव्हता. कलन करताना प्रत्येक पानावर कंस सोडवावे लागतात, अवयव पाडावे लागतात. बीजगणित तिथे विषय राहत नाही, हत्यार होतं, आणि हा वापर सलग काही वर्षं, मध्ये मध्ये खंड पडत होतो. आपल्याकडेही हेच दिसतं. दहावीनंतर वाणिज्य शाखेला गेलेल्या पंच्याण्णव गुणवाल्याचं बीजगणित पुसलं जातं, रडतखडत अभियांत्रिकीला पोचलेल्याचं टिकतं. भूमितीची प्रमेयं दोघांचीही जातात, कारण पक्ष, साध्य, सिद्धता असं पुढे कुणीच लिहायला लावत नाही.

विसरण्याचा आणखी एक प्रकार आहे, आणि माझ्या मते नुकसान जास्त करतो तो हाच. गोष्ट डोक्यात असते, पण तिची गरज पडली आहे हेच कळत नाही. पुस्तकातल्या सरावसंचावर प्रकरणाचं नाव असतं. चक्रवाढ व्याजाच्या प्रकरणातलं उदाहरण चक्रवाढ व्याजाचंच असणार, तेव्हा कोणतं सूत्र, हा विचार करायची वेळच येत नाही. बाहेर तसं नाव कुणी छापून देत नाही.

घोडबंदर रोडवर घर घेणाऱ्याचं कर्ज घ्या. ५० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं. हप्ता येतो ४३,३९१ रुपये. पहिल्या महिन्याचं व्याज काढायला पाचवीचं गणित पुरतं: ५० लाखांचे साडेआठ टक्के, भागिले १२, म्हणजे ३५,४१७. हप्त्यातून ते वजा केले की मुद्दलात जमा झाले ७,९७४ रुपये. पुढच्या महिन्यात मुद्दल तेवढं कमी, म्हणून व्याज ३५,३६० आणि मुद्दलात ८,०३१. ही ७,९७४, ८,०३१ अशी चढत जाणारी ओळ म्हणजे भूमिती श्रेढी. प्रत्येक पद आधीच्या १.००७०८ पट. श्रेढीची बेरीज करून पाहिली तर निम्मं मुद्दल, म्हणजे २५ लाख, फिटायला जवळपास चौदा वर्षं लागतात. वीस वर्षांतली चौदा! एकूण भरणा होतो एक कोटी चार लाखांच्या घरात. हप्ता ठरतो त्या टेबलापाशी बसणाऱ्या नवरा-बायकोत एक जण अभियंता आणि एक जण बी.कॉम. असते, दोघांनीही श्रेढीची उदाहरणं सोडवलेली असतात, आणि प्रश्न विचारला जातो तो "हप्ता झेपेल ना?" एवढाच. पाच-सहा वर्षांनी बँकेचं विवरण बघून "इतके भरले आणि मुद्दल तिथेच?" असा धक्का बसतो. त्यात बँकेची लबाडी नसते, सुरुवातीला व्याज मोठ्या मुद्दलावर लागतं इतकंच. सुरुवातीच्या वर्षांत जास्तीचे लाख-दोन लाख भरले तर मुदत किती आखडते, हेही त्याच गणितात आहे.

विजेचंही तसंच. पी इज इक्वल टू व्ही आय, म्हणजे वॉट बरोबर व्होल्ट गुणिले अँपिअर. ही ओळ न लिहिता विज्ञान शाखेतून कोणी बाहेर पडत नाही. घरातली छोटी सॉकेट ६ अँपिअरची असते. २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे १३८० वॉट, त्याच्या वर तिने वाहू नये. टाकीचा गिझर किंवा पाणी तापवायची मोठी कॉइल साधारण २००० वॉटची, म्हणजे ८.७ अँपिअर ओढते. तिला १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट लागतो. पण बाथरूमजवळ पॉइंट नसतो, म्हणून ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर कॉइल लावली जाते. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दीडपटीच्याही आतच वाढलेला दिसतो, उष्णता दुपटीच्या वर जाते. त्यातही ती सगळ्यात जास्त होते जिथे पिना सैल बसल्या आहेत तिथे, कारण तिथला विरोध मोठा. आधी प्लगचं प्लास्टिक पिवळं पडतं, मग पिनेभोवती काळी कड येते, मासे जळल्यासारखा वास सुटतो. वायरमन येऊन प्लग बदलतो, आणि लोक पुन्हा तिथेच कॉइल लावतात. प्रवाह फार वाढला की आपोआप बंद होणारा एमसीबी पडत नाही, कारण तो मागच्या जाड वायरच्या हिशेबाने बसवलेला असतो. यात दहावीच्या बाहेरचं काहीच नाही.

तर पुन्हा शिकायचं झालं, मुलासाठी किंवा स्वतःसाठी, तर सुरुवात पुस्तक उघडून करू नये. कोरा कागद घ्यावा, विषयाचं नाव वर लिहावं आणि दहा मिनिटं आठवेल ते खरडावं: सूत्रं, अर्धवट आकृत्या, चुकीचे शब्द, काहीही. दहा मिनिटं फार लांब वाटतात. तिसऱ्या मिनिटाला हात फोनकडे जातो. तो आवरावा, कारण चाचपडण्याची ती अस्वस्थताच पुढची उजळणी पक्की करते. मग पुस्तक उघडून, राहिलेलं दुसऱ्या शाईने भरावं. दुसऱ्या दिवशी नवा कागद. मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी. दोन उजळण्यांमध्ये किती अंतर ठेवावं, हे ती गोष्ट कधी लागणार त्यावर ठरतं: आठवड्याने लागणार असेल तर एक-दोन दिवस, वर्षभराने लागणार असेल तर तीन-चार आठवडे. आपल्या शाळांचं गाडं इथेच रुळावरून उतरतं. जूनमधला पहिला धडा सप्टेंबरच्या परीक्षेनंतर थेट जानेवारीत सराव परीक्षेला भेटतो, आणि तोवर तो जवळजवळ नव्याने शिकावा लागतो.

सूत्रं, सनावळ्या, रासायनिक संज्ञा यांसाठी कार्डांची पद्धत उत्तम. सेबास्टियान लाइटनर या जर्मन लेखकाने ती १९७२ साली मांडली. बुटाच्या खोक्यात पाच कप्पे करायचे. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराच्या कार्डावर एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. सगळी कार्डं पहिल्या कप्प्यात, तो रोज. बरोबर आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, तो दोन दिवसांनी. त्याच्या पुढचा चार, मग आठ, मग सोळा. चुकलेलं कार्ड कुठूनही थेट पहिल्या कप्प्यात. बिघडतं ते तीन ठिकाणी. एका कार्डावर अख्खं उत्तर उतरवलं जातं. मग निम्मं आलं तर बरोबर धरायचं की चूक, याचा घोळ होतो. एका कार्डावर एकच गोष्ट हवी. दुसरं, उत्तर मोठ्याने किंवा लिहून न देता कार्ड उलटायचं आणि "हां, हेच म्हणणार होतो" म्हणून पुढे सरकवायचं. ही वीसच्या नोटेचीच फसवणूक. तिसरं, पहिल्याच रविवारी उत्साहात दीडशे कार्डं लिहायची. चौथ्या दिवशी पहिला कप्पा ओसंडतो आणि खोकं कपाटावर जातं. दिवसाला आठ-दहा नवी कार्डं खूप झाली.

उदाहरणं सोडवताना मात्र कार्डं कामाची नाहीत. तिथे चार वेगवेगळ्या प्रकरणांतली उदाहरणं चिठ्ठ्यांवर लिहून मिसळावीत आणि येईल ती उचलावी. वेग कमी होतो, चुका वाढतात, मुलं कुरकुरतात, "मला येत होतं ते पण चुकायला लागलं" म्हणतात. काही दिवस हे असंच चालतं आणि चालू द्यावं, कारण कोणती पद्धत लावायची हे ठरवण्याचा सराव फक्त इथेच होतो.

मुलाला शिकवायचं म्हणून बीजगणित पुन्हा हातात घेणाऱ्या पालकाने दहावीच्या पुस्तकापासून सुरुवात करू नये. गळती बहुतेक वेळा सातवी-आठवीत असते. कंसाबाहेर उणे चिन्ह असताना आतली फक्त पहिलीच संख्या उलटणं. ३ व ४ च्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ ७ काढणं, जे ५ येतं. अंशातली एकच संख्या छेदाबरोबर कापणं. या तीन चुका गेल्या की वरच्या वर्गातलं निम्मं ओझं उतरतं. चूक दाखवताना नियम सांगण्यापेक्षा आकडे घालून बघायला लावावं. मुलाला पटतं आणि पालकालाही नियम परत मिळतो.

काही गोष्टी खुशाल जाऊ द्याव्यात. लॉगची पुस्तिका गेली त्याचं दुःख नको, प्रमेयांचे क्रमांक गेले त्याचंही नको. टक्केवारी मात्र सोडू नये, आणि ती कशाचे टक्के, हा प्रश्न तर मुळीच नाही. दिवाळीच्या आधी राम मारुती रोडवर "५० टक्के + २० टक्के सूट" अशा पाट्या लागतात. एकूण किती सूट झाली, ते पोरालाच विचारावं. ७० म्हणाला तर हजार रुपयांचा शर्ट धरून दोन पायऱ्यांत करायला लावावं: आधी पाचशे, मग त्या पाचशेचे वीस टक्के शंभर. शर्ट चारशेला, सूट साठ टक्के.